ॲडलेडची पुन्हा पुन्हा खणलेली जमीन
ऑस्ट्रेलियातील ॲडलेडजवळच्या ग्लेनेल्ग समुद्रकिनाऱ्यावरून २६ जानेवारी १९६६ रोजी बोमाँट कुटुंबातील ९, ७ आणि ४ वर्षांची तीन भावंडे बेपत्ता झाली. त्याच वर्षी क्रोइसे नावाच्या, दिव्यदृष्टी असल्याचा दावा करणाऱ्या डच गृहस्थाने एका गोदामाकडे बोट दाखवले. लोकांनी वर्गणी काढली, १९६७ मध्ये तिथली जमीन फोडली; हाती काहीच आले नाही. पुढे दुसऱ्या एका जागी झालेल्या खोदकामांना निदान माणसांच्या आठवणीचा तरी आधार होता. मुले बेपत्ता झाली त्या सुमारास, लहान असताना, आपण एका कारखान्याच्या आवारात खड्डा खणल्याचे दोन भावांनी सांगितले. तिथे २०१३ मध्ये शोध झाला. २०१८ मध्ये तिथेच भूभौतिक चाचणीत माती हललेली दिसली, पण निघाली जनावरांची हाडे. २०२५ मध्ये त्याच आवारात तिसऱ्यांदा, खासगी पुढाकाराने खणले, तेव्हाही मुलांचा मागमूस लागला नाही.