८ मे ते १२ मे : सोलापूर जिल्ह्याचे स्मरणदिन

इतिहासातील प्रसंग आपण बहुधा शेवटच्या दिवशी आठवतो. ख्रिस्तसभेतही संतांचे स्मरण त्यांच्या जन्मदिनी नव्हे, तर सहसा मृत्युदिनी केले जाते. सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दिवस १२ जानेवारी हाही असाच मृत्युदिन आहे. तथापि ज्या घटनांमुळे तो उगवला, त्या मे महिन्यातील आहेत. त्या तारखा आपल्या दिनदर्शिकेत असाव्यात, असे आम्हांस वाटते.

५ मे १९३० रोजी मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली. सोलापूर हे गिरणी कामगारांचे शहर. तेथे तत्काळ हरताळ पडला. एप्रिल महिन्यात नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता, त्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडणाऱ्या सत्याग्रहींना पोलिसांनी पकडले, जमाव जमला आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला व न्यायालयाच्या इमारतीला आग लावली. पोलीसही मारले गेले. ही बाजू स्मरणदिनाच्या भाषणांत क्वचित ऐकू येते; ती वगळली तर पुढचा खटला समजत नाही.

यानंतर पोलीस शहरातून मागे हटले. तीन-चार दिवस सोलापूरची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत, म्हणजे ४९ दिवस, चालला. लष्कराने तिरंगा उतरविला. राष्ट्रीय ध्वज बाळगणे व गांधी टोपी घालणे शिक्षेस पात्र ठरू लागले. अनेक पुढाऱ्यांना तुरुंगवास झाला.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशीची शिक्षा झाली. हे चौघे निर्दोष होते, ही सोलापूरकरांची भावना तेव्हापासून आजतागायत कायम आहे. कन्नड, मारवाडी, उर्दू व मराठी अशा चार घरांतील ही चार नावे. गिरणगावाच्या पेठांतील वस्तीच तशी होती. कुर्बान हुसेन हे पत्रकार व कामगार कार्यकर्ते होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ मार्च रोजी, गांधी-आयर्विन करार झाला व हजारो सत्याग्रही सुटले. १२ जानेवारी हा राजमाता जिजाऊ व स्वामी विवेकानंद यांच्या जयंतीचाही दिवस असल्याने सोलापूर शहराबाहेर या चौघांची आठवण मागे पडते.

आमच्या माळशिरस तालुक्याला सोलापूरपेक्षा पंढरपूर जवळचे. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी नातेपुते, माळशिरस व वेळापूर येथे मुक्काम करीत तिकडे जाते. याच पाच दिवसांतील १० मे ही तारीख पंढरपूरची आहे, साल १९४७. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना विठ्ठल मंदिरात प्रवेश नव्हता. ज्यांचे अभंग वारकरी गातात, त्या चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. हा प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा केला. त्या काळात गावोगावची कित्येक मंदिरे व पाणवठे सर्वांना खुले झाले. मग १ मे रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध कडवा होता, आणि उपोषण सोडावे असा सल्ला खुद्द गांधीजींनीही दिला होता. गुरुजी ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

वारी तिथीने चालते, त्यामुळे १० मे ही तारीख पालखीच्या वाटेवरील गावांतही फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. मे महिन्यात शाळांना सुटी असते, हेही त्याचे एक साधे कारण असावे. धर्मग्रामांच्या सूचनाफलकावर दिनविशेष लिहिणाऱ्यांनी ८, १० व १२ मे या तारखा टिपून ठेवाव्यात. सोलापूरच्या गोळीबारास ८ मे २०३० रोजी शंभर वर्षे पूर्ण होतील आणि चौघांच्या हौतात्म्यास १२ जानेवारी २०३१ रोजी.