मतदारयादी, थाना आणि साथीतली मदत : आपल्या मोहल्ल्यात होणारे काम

इंदूरच्या मराठी घरांत सार्वजनिक काम म्हटले की गणेशोत्सव, कोजागिरी आणि नाटकाच्या तालमी आठवतात. मतदारयादीत शेजाऱ्याचे नाव शोधणे, कुणाबरोबर थान्यात जाऊन तक्रारीची प्रत घेणे, साथीत गेलेल्या माणसाच्या घरच्यांचे अर्ज भरणे, ही कामेही त्याच माणसांनी त्याच सतरंजीवर बसून केली आहेत. ती मंडळाच्या वार्षिक अहवालात येत नाहीत, म्हणून त्यांची माहिती इथे एकत्र दिली आहे. काम करणारे आम्ही सातआठ जण, बहुतेक निवृत्त. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, कुणी वीज मंडळातले. मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही आणि या कामात तर ते कसोशीने पाळावे लागते. खाली दिलेले बहुतेक नियम देशभर सारखे आहेत, त्यामुळे ग्वाल्हेर, वडोदरा, गोवा किंवा हैदराबादच्या वाचकांनाही ते उपयोगी पडतील. मध्य प्रदेशापुरते जे आहे तिथे तसे म्हटले आहे.

मतदारयादी

मतदार ओळखपत्र हातात आहे म्हणजे मत देता येईल, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. मत यादीतल्या नावाला असते. १७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा आमच्या ओळखीचे एक वृद्ध जोडपे वीस वर्षांपूर्वीचे ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेले आणि मत न देता परत आले. राजवाड्याजवळचे जुने घर सोडून ते मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. जुन्या पत्त्यावर ‘स्थलांतरित’ म्हणून नाव कमी झाले होते आणि नव्या पत्त्यावर कुणी घातलेच नव्हते. काका आयुष्यात पहिल्यांदा मताला मुकले. त्या दिवशी कुणालाच काही करता आले नाही, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत भर किंवा वजाबाकी होत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २२ प्रमाणे राहण्याचे ठिकाण सोडले या कारणाने नाव काढण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पण नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि तिथे ती घेणारे कुणी नसते. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हे अपील फारच थोडे लोक करतात, कारण नाव गेल्याचे कळते ते मतदानाच्या दिवशीच.

यादी भागवार असते आणि प्रत्येक भागाला एक बीएलओ असतो, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्ती. नवे नाव घालायला फॉर्म ६, नाव काढायला किंवा नावावर हरकत घ्यायला फॉर्म ७, दुरुस्ती, पत्ता बदलणे आणि ओळखपत्राची दुसरी प्रत यासाठी फॉर्म ८. पूर्वी त्याच मतदारसंघात घर बदलले तर फॉर्म ८-ए असे, तो १ ऑगस्ट २०२२ पासून बंद झाला. तेव्हापासून अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या तारखाही वर्षातून चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मुलाचा वाढदिवस फेब्रुवारीत असेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे कारण उरलेले नाही.

आमची पद्धत साधी आहे. भागाची यादी छापून घ्यायची आणि गल्लीप्रमाणे दोघांनी फिरायचे, त्यात एक तरी बाई हवी. घरात तीनच प्रश्न विचारायचे : अठरा कुणाला पूर्ण झाली, कोण वारले, कोण राहायला आले किंवा गेले. मत कुणाला देणार हे विचारायचे नाही, आणि कुणी सांगू लागले तर विषय बदलायचा. अर्जांचा गठ्ठा बांधून नेऊन देता येत नाही. एका घरातल्या माणसांचे अर्ज एकत्र चालतात, मोहल्ल्याचे नाही. फॉर्म ७ तर आम्ही दुसऱ्यासाठी कधीच भरत नाही. खोटे निवेदन दिले तर त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या लोकांची एक खास अडचण आहे ती ‘ळ’ची. यादी हिंदीत तयार होते, त्यामुळे काळे यांचे काले होतात आणि कुळकर्णींचे कुलकर्णी. मोबाइलवर ‘काळे’ लिहून शोधले तर काही सापडत नाही आणि माणूस घाबरतो. ‘ल’ लावून पुन्हा शोधावे. ओळख पटत असेल तर किरकोळ अक्षरदोषावरून मतदान नाकारू नये अशा आयोगाच्या सूचना आहेत, पण दुरुस्ती करून घेतलेली बरी. कारण हाच दोष पुढे पासपोर्ट आणि पेन्शनच्या कागदांत आडवा येतो.

दुसरी अडचण सुनांची. नागपूर, अकोला, पुण्याहून लग्न होऊन आलेल्या कितीतरी जणींची नावे माहेरच्या यादीत माहेरच्या आडनावाने पडून असतात. नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेश, गुजरात, गोवा आणि इतर काही राज्यांत विशेष सखोल पडताळणी सुरू झाली, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या अशाच पडताळणीच्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव दाखवायचे होते आणि या सुनांच्या बाबतीत ते महाराष्ट्राच्या यादीत होते. वहिनींनी माहेरी फोन करून भाग क्रमांक मागवले. एकीच्या वडिलांनी तर आपले जुने ओळखपत्र देवघराच्या खणातून काढून दाखवले. सासरी राहायला आल्यावर पत्ता फॉर्म ८ ने हलवावा. दोन ठिकाणी नाव असणे हाही दोष आहे.

पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. त्यासाठी फॉर्म १२-डी आहे आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. हे पाच दिवस फार लवकर संपतात. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याची वॉर्डवार यादी वेगळी प्रसिद्ध होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून ती पाहायची सोडू नये.

थाना

मोहल्ल्याने पोलिसांबरोबर बसण्याची कल्पना जुनी आहे, पण तिचा महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात, भिवंडीत झाला. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली दोन्ही समाजांच्या साध्या माणसांच्या समित्या केल्या आणि शिपाई व फौजदारांना त्यांच्याबरोबर नियमित बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. नेत्यांना नव्हे तर दूधवाला, रिक्षावाला, शिक्षिका यांना बोलावणे, हे त्यातले शिकण्यासारखे. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. थान्यांच्या शांतता बैठकाही होतात, पण आपली माणसे त्यांना फारशी जात नाहीत. जावे, असे आमचे मत आहे. सणाच्या आदल्या दिवशी परवानगी मागायला गेलेला माणूस आणि वर्षभर ओळखीचा असलेला माणूस यांत थान्यालाही फरक कळतो.

तक्रार घेऊन जाताना गर्दी करून जाऊ नये. दोघांनी जावे, अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एकीवर आवक शिक्का, तारीख घेऊन परत आणावी. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या थान्यात माहिती देता येते; यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते. नोंद घेतली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावे आणि तिथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

आपल्या सभासदांत ज्येष्ठ बरेच, म्हणून त्याच संहितेतले कलम १७९ घरात सांगून ठेवावे. साक्षीदार म्हणून चौकशीसाठी साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला थान्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे असते. स्वखुशीने गेल्यास गोष्ट वेगळी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात कुठेही नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी दिसली की आपले काका मुदत ठेव मोडायला बँकेत धावतात, आणि काउंटरवरच्या मुलीने दोन प्रश्न विचारले तर तिच्यावरच चिडतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा आणि बँकेला लेखी कळवावे.

एकदा रात्री अकराला आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताई रडत आल्या. त्यांच्या मुलाला उचलून नेले होते आणि कुठे नेले ते कुणी सांगत नव्हते. दोघे जण गेलो. आवाज न चढवता एवढेच विचारले : कोणत्या गुन्ह्यात, अटक केली आहे का, आणि असेल तर घरच्यांना कळवल्याची नोंद कुठे आहे. डी. के. बसू खटल्यातल्या १९९६ च्या निकालाने अटकेच्या वेळी हे बंधनकारक केले आणि आता ते कायद्यातही आहे. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे हे तर राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. अटकेची नोंद नव्हती. पहाटे मुलगा घरी आला. वकिलाची गरज पडली असती तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून ताईंना तो मोफत मिळाला असता, हे आम्हाला नंतर कळले.

साथीतली मदत

इंदूरला साथ नवीन नाही. प्लेगच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडीस इथे होते. त्यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ चा आहे. त्यांनी दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न नेता, ज्या मोहल्ल्यांनी घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या त्यांतून नेली. प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती निघाली आणि सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, फुलांचे हार घालून मानाने चालले. हुकमाने झाले नसते ते लोकांनी चढाओढीने केले.

२०२० मध्ये हुकूम होता आणि लोकही होते. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि मध्य प्रदेशात सर्वाधिक फटका इंदूरला बसला. मे महिन्यात आग्रा-मुंबई रस्त्याने महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशाकडे चालत निघालेले मजूर बायपासवरून जात होते, तेव्हा शहरातल्या असंख्य घरांनी पोळ्या, पाणी आणि चपला पोहोचवल्या. आपल्या सभासदांच्या घरच्याही पोळ्या त्यात होत्या. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत सुरू झाले, पण ज्यांच्याजवळ पत्रिकाच नव्हती त्यांच्यासाठी मोहल्ला हाच आधार होता. पोळ्यांचा हिशेब आम्ही ठेवला नाही. ठेवायला हवा होता तो कागदांचा.

३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने कोविडमृत्यूसाठी सानुग्रह रकमेचे धोरण करायला सांगितले आणि ती पन्नास हजार रुपये ठरली. पॉझिटिव्ह अहवालापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, मग तो घरी झाला असला तरी. मृत्यूपत्रकात दुसरे कारण असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायचे. एका काकूंच्या कागदावर ‘हृदयविकार’ एवढेच होते. यजमानांचा अहवाल हरवला होता, पण त्यांच्या बंद पडलेल्या मोबाइलमध्ये तपासणीचा एसएमएस निघाला. त्याची प्रत जोडली आणि दावा मंजूर झाला. दुसऱ्या एका घरी आम्ही उशिरा पोहोचलो. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी न्यायालयाने साठ दिवसांची मुदत दिली होती, ती उलटून गेली होती. अपवाद म्हणून समितीपुढे अर्ज केला, पण रक्कम मिळाली नाही. ती बाई पापड लाटून घर चालवत होती. तिच्याकडे दोन महिने आधी गेलो असतो तर ही वेळ आली नसती.

आमच्यातल्या बँकवाल्यांचा उपयोग झाला तो पासबुके वाचायला. मे २०२० च्या सुमारास ३३० रुपये नावे पडलेले दिसले तर ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे. म्हणजे वारसाला दोन लाख. शेजारी बारा रुपयांची नोंद असे ती अपघाती विम्याची, ती साथीत लागू नव्हती. कित्येक घरांना आपल्या माणसाचा विमा होता हेच ठाऊक नव्हते. नोकरीत असताना वारलेल्या पीएफ सभासदांच्या वारसांना ईडीएलआयमधून सात लाखांपर्यंत मिळू शकत होते, तेही असेच कपाटात राहिले होते.

ज्या मुलांचे दोन्ही पालक गेले, त्यांच्यासाठी पीएम केअर्सची योजना २९ मे २०२१ ला जाहीर झाली आणि मध्य प्रदेश सरकारची दरमहा पाच हजार रुपयांची योजनाही त्याच महिन्यातली. केंद्राच्या योजनेत अठरा पूर्ण झाल्यावर दरमहा रक्कम सुरू होते आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतात. खाते पोस्टात, जिल्हाधिकाऱ्यांच्या जोडीने असते. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा २०२९ मध्ये अठरा वर्षांचा होईल. दरम्यान पालक बदलतात, घर बदलते, मोबाइल क्रमांक बंद पडतो. अशी मुले आपल्या नात्यात किंवा शेजारी असतील तर त्यांच्या खात्यावरचा पत्ता आणि क्रमांक यंदाच तपासून घ्यावा, आणि अठरा पूर्ण होतील त्या तिमाहीत मतदारयादीचा फॉर्म ६ ही भरून द्यावा.