शून्य कुठे लावायचं, कुठे गाळायचं?

एकेकाळी परगावी फोन म्हणजे ट्रंक कॉल. नंबर बुक करायचा आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत ताटकळत बसायचं. १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि ऑपरेटरचं काम कोडकडे आलं.

सुरुवातीचं ० एक्स्चेंजला सांगतं, 'कॉल गावाबाहेरचा आहे.' पुढे मुंबईचा २२, गोव्याचा ८३२. मोठ्या शहरात फोन जास्त, म्हणून नंबर लांब आणि कोड छोटा. मुंबईत २ अधिक ८, गोव्यात ३ अधिक ७. बेरीज दहाच!

परदेशातून मात्र +९१ नंतर ते ० गाळायचं, थेट २२. नाहीतर दुबईहून मध्यरात्री घरच्या लँडलाइनला केलेला तातडीचा फोन त्या एका शून्यापायी अडेल. म्हणून घरचा नंबर आजच +९१ लावून सेव्ह करा.