प्लेटमधली बुरशी आणि गाईच्या अंगावरचा गोचीड

सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'गोचिडांचे जैविक नियंत्रण' असे शब्द घालायचं तुम्ही ठरवलं असेल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. बुरशीने गोचीड मरतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. मरतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी बीजाणूंच्या द्रावणात बुडवा, ओलसर फिल्टर पेपरवर २५ अंशांच्या आसपास ठेवा. ती मरते आणि तिच्यावर बुरशी उगवते. अनेक देशांतल्या लॅबमध्ये हे करून झालंय. मग गोठ्यात अजून रासायनिक औषधाचीच बाटली का दिसते? हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

रेशीमकिडे मरून पांढऱ्या भुकटीने झाकले जातात असा एक रोग इटलीत होता. अगोस्तिनो बास्सी याने अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १८३५ मध्ये दाखवून दिलं की, हा रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. पाश्चर आणि कॉख यांच्या कितीतरी आधी! आज त्या बुरशीचं नाव ब्युव्हेरिया बॅसियाना आहे. पण बास्सीला तिच्यापासून किडे वाचवायचे होते.

तिच्यासारखी बुरशी मुद्दाम वापरायची, हे डोक्यात आलं इल्या मेचनिकोव्हच्या. १८७९ च्या सुमारास ओडेसाकडे गव्हावर भुंगेऱ्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यांच्या अळ्यांवर त्याला हिरवी बुरशी सापडली आणि बिअरच्या मळीवर ती वाढवताही आली. (हाच तो भक्षक पेशींवाला मेचनिकोव्ह, १९०८ चा नोबेल. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे तो हाफकिन ओडेसात याचाच विद्यार्थी.) ही बुरशी म्हणजे मेटारायझियम. उसातल्या हुमणीसाठी शेणखतात मिसळून जी पावडर टाकतात, तीच.

पुढचा मुक्काम अमेरिकेतलं कॅन्सस, आणि माझ्या मते या इतिहासातला हा सगळ्यात कामाचा भाग. १८८८ नंतर तिथल्या विद्यापीठातल्या फ्रान्सिस स्नो यांनी पिकावरच्या चिंच बग या किडीसाठी ब्युव्हेरियाने मेलेले किडे पाकिटांतून शेतकऱ्यांना वाटले. शेतकऱ्यांची पत्रं आली: गुण आला! १९११ मध्ये बिलिंग्ज आणि ग्लेन यांनी नीट तपासलं, तेव्हा कळलं की बुरशी शेतात आधीपासूनच होती. हवा दमट असली की ती आपोआप पसरायची, कोरडी असली की पाकीट टाकूनही काही व्हायचं नाही. पाकीट न टाकलेलं शेत शेजारी ठेवून तुलना कुणी केलीच नव्हती.

गोचिडांकडे बुरशीचं वळण फार उशिरा आलं. १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न यांनी टेक्सास फीवर गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केलं आणि जनावरं आर्सेनिकच्या हौदातून पोहत जाऊ लागली. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गोचिडांना आर्सेनिक पचू लागलं. मग डीडीटी, ऑर्गॅनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड. दर वेळी तेच झालं. तेव्हा कुठे लोकांना बुरशी आठवली.

बुरशीच का? बीटी जिवाणू किडीच्या पोटात जावा लागतो. गोचिडाची सोंड तर कातडीत रुतलेली; पाठीवर काय फवारलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बुरशीचा बीजाणू मात्र कवचाला नुसता चिकटला तरी पुरतं. तो रुजतो, विकरं सोडून आणि दाब देऊन कवच भेदतो आणि आत वाढतो.

पण रुजायला ओल लागते, वेळ लागतो, आणि बेताचं तापमान लागतं. इथेच सगळं अडतं. मेटारायझियमचे बरेचसे वाण २५ ते ३० अंशांत खूष असतात. गाईची कातडी सहज त्यापुढे जाते, उन्हात तर फारच. शिवाय अतिनील किरण बीजाणूंना काही तासांत निकामी करतात. नव्वदच्या दशकात केनियात गाईंच्या अंगावरच्या गोचिडांवर ही बुरशी वापरली, तर सुमारे तिसरा हिस्साच मेला. क्वीन्सलँडमध्ये थेट जनावरांवर फवारलं, तिथेही निकाल कधी चांगले, कधी यथातथा.

आता तुम्ही म्हणाल, मग विषय संपला. नाही. आपल्याकडच्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लसचं बघा. तो गाईवर जेमतेम तीन आठवडे असतो. मग मादी खाली पडते, गोठ्याच्या भेगेत, दगडाखाली शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. ती भेग सावलीतली, गार, ओलसर. कातडीवर बुरशीला जे जे मिळत नाही, ते सगळं तिथे आहे! साहेल भागात टोळांसाठी १९८९ पासून जो प्रकल्प चालला, त्यात बीजाणू तेलात मिसळल्यावर कोरड्या हवेतही टिकले. म्हणजे भेगेत काय आणि कशात मिसळून भरायचं, यालाही धागा आहे.

म्हणून तुमच्या थीसिसमध्ये अकरावी पेट्री प्लेट नको. भेगेतलं तापमान आणि आर्द्रता मे महिन्यात मोजा, श्रावणात मोजा, आणि तेच आकडे इन्क्युबेटरवर लावून वाण निवडा. मग गोठे घ्या. निम्म्या गोठ्यांत बीजाणूंसह तेल, निम्म्यांत नुसतं तेल. कुठल्या गोठ्यात काय गेलं हे गोचीड मोजणाऱ्याला कळता कामा नये. आणि काहीही टाकण्याआधी भेगेतली माती आणून प्लेटवर लावून बघा, मेटारायझियम तिथे आधीच आहे का. नुसत्या तेलाला तयार होणारे गोठेवाले मिळायला वेळ लागतो, तेव्हा त्याचे दोन-तीन महिने वेळापत्रकात आत्ताच धरून ठेवा.