बॅबेसिया संसर्ग, श्वानांतील : प्रतिकार प्रतिसाद

गोचिडीच्या दंशातून कुत्र्याच्या रक्तात शिरणाऱ्या बॅबेसिया या एकपेशीय परजीवीमुळे तांबड्या पेशी फुटून ताप, रक्तक्षय व प्लीहावृद्धी ही लक्षणे उद्भवतात. भारतात आढळणारी बॅबेसिया गिब्सोनी ही जाती पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासकडील शिकारी कुत्र्यांत प्रथम वर्णिली. संसर्ग होताच प्लीहेतील महाभक्षी पेशी बाधित रक्तपेशी गिळतात, टी-लसीका पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन स्रवून महाभक्षी पेशींना चेतवतात आणि बी-लसीका पेशी प्रतिपिंडे, म्हणजे परजीवीला नेमकी चिकटणारी प्रथिने, तयार करतात. मात्र काही प्रतिपिंडे निरोगी तांबड्या पेशींनाही चिकटत असल्याने रक्तक्षय परजीवींच्या संख्येच्या मानाने अधिक तीव्र होऊ शकतो. बचावलेल्या कुत्र्यात परजीवी अल्प प्रमाणात टिकून राहतो, त्यामुळे नव्या संसर्गाविरुद्ध काहीसे संरक्षण मिळते, परंतु प्लीहा काढल्यास किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास रोग उलटतो. तपकिरी गोचीड उष्ण हवामानात, घराच्या भिंतींच्या फटींतही तग धरत असल्याने नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या मेंढपाळीच्या भागात कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांना या रोगाचा धोका संभवतो. रोगनिदान रक्तकाचेच्या सूक्ष्मदर्शी तपासणीने किंवा पीसीआर चाचणीने होते. नियमित गोचीड-नियंत्रण हा प्रतिबंधाचा मुख्य उपाय होय.