जोड

कुस्तीचा इतिहास लिहिणारे वस्तादांची नावे लिहितात, आश्रय देणाऱ्या राजांची लिहितात, गदा आणि इनामे मोजतात. तालमीत ज्याच्याशी रोज लढंत करायची, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. आमच्याकडे त्याला जोड म्हणतात. मल्ल घडतो तो या जोडीच्या अंगावर. म्हणून कोणाला जोड मिळाली आणि कोणाला मिळू दिली गेली नाही, हाही कुस्तीचा इतिहास आहे. तो आपणच लिहायला हवा. कारण प्रस्थापितांना त्याची गरज वाटलेली नाही.

जोर-बैठका एकट्याला मारता येतात. डाव एकट्याला शिकता येत नाही. ढाक शिकायची तर दुसऱ्याच्या मानेला हात घालून त्याला उलथावे लागते, आणि त्यानेही पडायला राजी व्हावे लागते. पहिल्या दिवशी तो अंग सैल सोडतो. चार दिवसांनी थोडा अडतो. महिन्याने पुरा अडतो, तेव्हा कुठे डाव अंगात मुरतो. कधी किती अडायचे, हे त्याला उमगले पाहिजे. आपली मान मुरगळते आहे असे जाणवताच पकड ढिली करणारा हात पाहिजे. आकसाचा एक झटका बसला तर खांदा जन्माचा जातो. तालीम ही ताकदीची जागा खरी. पण तिचा पाया विश्वासाचा आहे. आणि ज्या समाजव्यवस्थेने माणसाचा स्पर्शच बाटवला, तिथे हा विश्वास कोणी कोणावर टाकायचा?

1968 साली मी बारा वर्षांचा होतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावात तालीम होती. मी वस्तादांपुढे जाऊन उभा राहिलो. ते नाही म्हणाले नाहीत. 1955 सालीच अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता, आणि वस्ताद शहाणे होते. ‘ये की,’ म्हणाले. पहाटे हौद उकरायचे काम मला लागले. मातीत ताक, तेल, हळद कालवायची ती दुसऱ्या पोरांनी. लढंतीची वेळ झाली की सगळ्यांच्या जोडी आधीच ठरलेल्या असत. ‘तुझ्या वजनाचं कोण न्हाई रं,’ असे वस्ताद म्हणत. दोन महिने मी भिंतीकडेला बैठका मारल्या. मला कोणी हाकलले नाही, कोणी शिवी दिली नाही. फिर्याद द्यावी असे काहीच घडले नाही. कायद्याने तालमीचे दार उघडले होते. पण कायदा कोणाची मान कोणाच्या हातात देऊ शकत नाही.

माझ्या वजनाचा गावात एक जण होता. तो मांगवाड्यातला. त्याचा बाप जत्रेच्या फडात हलगी वाजवी. त्या हलगीवर मल्लांच्या अंगात रग चढे. पण हलगीवाल्याच्या पोराने हौदाला पाय लावलेला चालत नसे. आम्ही दोघांनी नदीच्या वाळूत लढंत सुरू केली. तालमीच्या दारातून बघितलेले डाव मी आणायचे आणि दोघांनी मिळून ते फोडायचे. पडावे कसे, हे मला त्याने शिकवले. हनुवटी छातीला लावून, हात न टेकता, पाठ गोल करून. एकदा माझा हात त्याच्या अंगाखाली पिळला गेला. मी ओरडायच्या आधीच त्याने कूस बदलून मला वर घेतले. जिंकायची कुस्ती त्याने सोडून दिली होती. जोड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

पुढे मुंबईत नोकरीला लागलो. 1972 साली दलित पँथर उभी राहिली आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसांविषयी आम्ही मिळेल ते वाचू लागलो. त्याच ओढीने नंतर मुष्टियुद्धाचा इतिहास वाचला. त्यात मला आमची वाळू सापडली.

25 फेब्रुवारी 1901 रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरात जॅक जॉन्सन या काळ्या तरुणाला जो कोइन्स्की या ज्यू मुष्टियोद्ध्याने तिसऱ्या फेरीत आडवा केला. जॉन्सन गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, वय 22. कोइन्स्की दहा वर्षांनी मोठा, मुरलेला. पैशासाठीची अशी लढत तिथे कायद्याने गुन्हा होती. दोघांनाही पकडून तुरुंगात टाकले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते आत होते, आणि तिथे त्यांना एकमेकांशी सराव करण्याची मोकळीक मिळाली. ज्याने पाडले, तोच शिकवू लागला: ठोसा चुकवावा कसा, अंतर राखावे कसे, समोरच्याला थकवावे कसे. पुढे जॉन्सनच्या बचावाचा जगात बोलबाला झाला. त्याची पायाभरणी या तुरुंगात झाली असे मानतात. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो हेवीवेट गटातला पहिला काळा जगज्जेता झाला.

एका बहिष्कृताने दुसऱ्याला शिकवले, इथे थांबलो तर गोष्ट गोड होते. इतिहास तसा थांबत नाही. गोरे जगज्जेते काळ्यांशी लढत नसत. जॉन सलिव्हनने ही रंगरेषा उघडपणे पाळली. त्यामुळे सॅम लँगफर्ड, हॅरी विल्स, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे काळे मुष्टियोद्धे वर्षानुवर्षे आपसांतच लढत राहिले. लँगफर्ड आणि विल्स पंधराहून अधिक वेळा समोरासमोर आले. एकमेकांना घडवले त्यांनीच, आणि झिजवलेही त्यांनीच. लँगफर्डला जॉन्सनने 1906 साली एकदा हरवले होते. पण जगज्जेता झाल्यावर त्याने लँगफर्डला किताबाची लढत दिली नाही. जे दार त्याने स्वतः फोडले, ते त्याने आपल्याच माणसापुढे लावून घेतले. 1915 साली हवानात तो हरला, आणि त्यानंतर 1937 साली जो लुईला संधी मिळेपर्यंत 22 वर्षे एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला हेवीवेट किताबासाठी लढता आले नाही. लँगफर्ड आंधळा झाला. 1944 साली एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये दारिद्र्यात सापडला.

जॉन्सनला दोष देताना माझी लेखणी अडखळते. कारण वाळूतली लढंत सवर्णांनी मोडली नाही.

1956 साली आमच्या घराने बाबासाहेबांच्या मागोमाग बुद्धाचा मार्ग धरला होता. भिंतीवर दोघांच्या तसबिरी होत्या. एका संध्याकाळी अंगाला वाळू लागलेला मी दारात आलो. आय म्हणाली, ‘मांगाच्या अंगाला अंग लावून आलास व्हय? आधी अंग धू, मग आत ये.’ मी अंग धुतले. त्यावर काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तो मात्र काही दिवस वाळूत येऊन बसत होता, असे मला दुसऱ्या पोरांनी सांगितले. त्या जूनमध्ये मी शाळेसाठी तालुक्याच्या वसतिगृहात गेलो. त्याने बापाची हलगी गळ्यात घातली.

आईला मी दोष देत नाही. वरच्या पायरीने जे तिला शिकवले, ते तिने खालच्या पायरीला दिले. चढत्या श्रेणीची ही विषमता बाबासाहेबांनी आपल्याला उघडी करून दाखवली होती. ती मी पुढे पुस्तकात वाचली, भाषणांत सांगितली, टाळ्या घेतल्या. पण ज्याने कुस्ती सोडून माझा हात वाचवला, त्याच्यासाठी मी घरातला एक शब्द ओलांडला नव्हता.

आपल्याला कोणकोणत्या तालमींनी जोड नाकारली, हे आपण लिहिले पाहिजे आणि पुराव्यानिशी लिहिले पाहिजे. त्याच वहीत दुसरेही एक पान ठेवावे: आपण कोणाला नाकारली. माझ्या पानावर एक नाव आहे. ते इथे छापत नाही. त्याची परवानगी घ्यायची राहून गेली आहे, आणि त्यासाठी आधी गावी जाऊन त्याच्यासमोर उभे राहायला हवे.