पन्हळी पत्र्याखालचा दिवा

माळवदाची घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांच्या ध्यानात असेल की मराठवाड्यातील त्या जुन्या वास्तूंत दिव्याचे स्थान छपराने नव्हे, भिंतीने ठरविलेले असे. हातादीड हाताच्या जाड भिंतीत दिवळी राखलेली, तिच्यात पणती आणि पुढे रॉकेलची चिमणी. आणि जेथे दिवा टांगण्याची ऐपत व हौस दोन्ही असत, तेथे तुळईत ठोकलेल्या लोखंडी कडीला लामणदिव्याची साखळी. खांबांवर तुळया, तुळयांवर किलच आणि त्यांवर पांढरीच्या मातीचा जाड थर, असा जो अवजड भार ती लाकडे पिढ्यान्‌पिढ्या पेलीत आली, त्यांना एका दिव्याच्या वजनाची दखल घेण्याचे कारणच नव्हते. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या कसब्यात दिवा कोठे टांगावा हा प्रश्न खऱ्या अर्थाने उत्पन्न झाला तो मातीचे छप्पर जाऊन पत्र्याचे आले तेव्हा.

हा पन्हळी पत्रा मूळचा लंडनच्या गोद्यांमधला. हेन्री रॉबिन्सन पामर या स्थापत्यविशारदाने १८२९ साली लोखंडी पत्र्याला लाटांसारख्या घड्या घालण्याची युक्ती स्वामित्वहक्कासह नोंदविली, आणि १८३७ मध्ये फ्रान्समधील सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची कृती सिद्ध केल्यावर गंजाचे भय पुष्कळच ओसरले. निजामाच्या मुलखात १८६५ च्या जिलाबंदीनंतर कचेऱ्या, तहसिली आणि ठाणी यांची जी नवी व्यवस्था बसली, तिच्यामागोमाग हे नवे साहित्य आले. हिंगोलीस १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. पुढे १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि लोखंडी सामान दूरवरून आणणे सुकर झाले. खुद्द कळमनुरीच्या कसब्याला रेल्वे लाभली नाही, तेव्हा स्टेशनापासून पुढचा मार्ग बैलगाडीचाच.

धातूच्या छपराचा खरा आश्रयदाता मात्र कापूस. सरकी आणि रुई वेगळी करणारे मॅकार्थीचे रूळयंत्र १८४० चे. ते ओळीने मांडावयाचे तर खांबांची अडचण नसलेली ऐसपैस जागा हवी, आणि ती लोखंडी कैच्यांवर बसविलेल्या पत्र्यानेच मिळे. हंगामाच्या भरात जिन रात्रीही चालवावी लागे. पण हवेत रुईचे तंतू तरंगत असता उघडी ज्योत म्हणजे साक्षात संकट. म्हणून काचेने बंदिस्त केलेला कंदील किंवा गॅसबत्ती रुईच्या ढिगाऱ्यापासून दूर, कैचीच्या खालच्या दांडीला लटकविण्याची रीत सोयीची होती. येथेच या विद्येचा पहिला नियम रुजला, असे मला वाटते: दिवा पत्र्याला कधीही टांगावयाचा नाही, कैचीला टांगावयाचा.

याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. पत्र्याचे बळ त्याच्या घडीत आहे आणि तेही एकाच दिशेने. एका बिंदूवर लोंबणारा भार सोसण्यासाठी तो घडविलेलाच नाही. उन्हात दहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर वाढतो व रात्री पुन्हा आखडतो, त्यामुळे त्यात अडकविलेला हुक आपले भोक दिवसेंदिवस रुंद करीत जातो. शिवाय पत्रे बसविणारे जाणते कारागीर हुक-बोल्टाचे भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडतात आणि त्यावर डांबरी वायसर घालतात, कारण पावसाचे पाणी खोलगट भागातून वाहते. दिव्यासाठी घाईने खोलगटात पाडलेले एक भोक त्यांचा सारा हिशेब बिघडवून टाकते.

विजेने या नियमात दुसऱ्या कलमाची भर घातली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, त्यानंतर तारांचे जाळे तालुक्या-तालुक्यांत पसरत गेले. लाकडी तुळईवर सागवानी पट्टी व गोल ठोकळा ठोकून काम भागे. लोखंडी कैचीवर क्लॅम्प, पोलादी नळी आणि मिन्याचा शेड आले, आणि मुख्य म्हणजे अर्थिंग आले. वायरीचे आवरण एका ठिकाणी खरडले तर केवळ दिवा नव्हे, सबंध इमारत विजेने भारली जाते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी मध्यम दाबावरील उपकरणांच्या धातूच्या अंगाला भूमीशी दोन स्वतंत्र जोडण्या सक्तीच्या केल्या, त्यामागील हेतू पत्र्याच्या शेडमध्ये जितका स्पष्ट उमगतो तितका अन्यत्र क्वचितच. ट्यूबलाइट आली तेव्हा आणखी एक गोष्ट शिकावी लागली: सेकंदाला शंभरदा मंदावणाऱ्या त्या प्रकाशात फिरते चाक कधी कधी स्थिर भासते, म्हणून यंत्रांवरचे दिवे निरनिराळ्या फेजांवर वाटून देणे इष्ट.

घरांच्या बाबतीत निर्णायक घटना ३० सप्टेंबर १९९३ ची. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली, त्यांतील बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार यांखाली. ज्या छपराच्या भरवशावर पूर्वज निर्धास्त निजले, त्याचीच धास्ती मराठवाड्याच्या मनात बसली, आणि हलका पत्रा ही केवळ गरिबाची तडजोड राहिली नाही. परंतु हलके छप्पर वाऱ्याने उडते. म्हणून त्यावर दगड ठेवले जातात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील जांब येथे सांगितले गेले. १० जुलैला याच तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ पुन्हा तसाच धक्का. मार्चमधील धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने पत्र्यांवरील आधाराचे दगड काढून टाकण्याचे आवाहन केले. ते आवाहन योग्यच होते, पण दगड काढल्यावर पत्रा कशाने धरावा हा प्रश्न त्यामागे उरतोच.

आज हळदीच्या नव्या गोदामांत एलईडीचे जड दिवे कैचीला साखळीने टांगलेले असतात आणि साखळी निसटली तर म्हणून पोलादी तारेचा दुसरा पाश सोबत असतो. साध्या घरात मात्र आडव्या पाइपाला वायरच गुंडाळून बल्ब सोडलेला असतो, आणि पावसाळ्यात ओल्या पत्र्याला हात लागून झटका बसल्याची हकिकत गावोगाव ऐकू येते. ज्या तालुक्याची जमीन हलते, तेथील तांड्या-वाड्यांवरच्या घरांना दगडांऐवजी हुक-बोल्ट, वायरीऐवजी साखळी आणि अंगणात अर्थिंगचा एक खड्डा मिळाला पाहिजे. घरकुलाच्या मंजुरीबरोबर हा खर्चही धरावा, अशी माझी ग्रामपंचायतींना आणि तहसील कचेरीला आग्रहाची विनंती आहे.